नागरी समस्या आणि आम्ही

पदवीच्या अभ्यासक्रमातील 'पर्यावरण अभ्यास' या विषयाच्या पुस्तकात सामाजिक समस्यांवर एक प्रकरण होते. त्यातील एका उपशीर्षकाने पुढे कित्येक वर्षे आमची पाठ सोडली नाही. ते उपशीर्षक असे: 'ऊर्जेशी निगडित नागरी समस्या'. हे पान आम्ही प्रथम वाचले ते कंदिलाच्या उजेडात. शहरांत उंच इमारती असतात, उद्वाहक असतात, घरोघरी विजेची उपकरणे असतात, आणि म्हणून शहरांना ऊर्जा फार लागते, असा त्या पानाचा आशय होता. आमच्याकडे त्या वेळी वीज नव्हती. २००५-०६ च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन असे. मुंबई त्यातून वगळलेली होती, आणि पुण्यात २००६ साली उद्योगांच्या जनित्रांची मदत घेऊन 'शून्य भारनियमना'चा प्रयोग सुरू झाला होता. ज्या कोळशावर ही वीज तयार होते त्याचा पट्टा मात्र आमच्या उशाशी होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, हे ते पान वाचताना आमच्या मनातही आले नाही. प्रश्न परीक्षेत हमखास येतो, एवढेच आम्हांला ठाऊक होते, आणि तेवढ्यावर आमचे समाधान होते.

आम्ही म्हणजे झरी जामणी तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात शिकायला जाणारी सहा मुले. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला हा तालुका आहे. दक्षिणेला पैनगंगा, नदीच्या पलीकडे तेव्हाचा आंध्र प्रदेश आणि आजचा तेलंगण. अलीकडे कापूस, तूर, सागाचे जंगल आणि जंगलाच्या कडेकडेने कोलामांचे पोड. सहांपैकी दोघे अशा पोडांवरचे होते. पोड म्हणजे काय, हे महाविद्यालयात त्यांना दरवर्षी नव्याने समजावून सांगावे लागे, कारण प्रवेशअर्जावर 'गाव' आणि 'शहर' असे दोनच रकाने असत, आणि पोडाला बहुधा गावाचाही मान नसे. पहाटेची एस.टी. पकडून आम्ही निघत असू. वाटेत कोळशाचे ट्रक लागत. काळी धूळ खिडकीच्या फटीतून आत येई आणि उतरेपर्यंत सहाही जणांच्या सदऱ्यांना एकच रंग चढे. त्याला आम्ही गमतीने 'गणवेश' म्हणत असू.

हा विषय आमच्या वाट्याला कसा आला, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करावा, असा आदेश दिला. आदेश कागदावर राहिला, म्हणून २००३ साली न्यायालयाने पुन्हा बजावले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम तयार केला आणि पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. एकूण पन्नास तासिका, त्यांपैकी पाच क्षेत्रकार्यासाठी. शंभर गुण, त्यांपैकी पंचवीस क्षेत्रकार्याचे. कला शाखेचा असो की वाणिज्य शाखेचा, पदवी हवी तर हा विषय उत्तीर्ण होणे भाग होते. एका न्यायालयीन निकालामुळे पैनगंगेकाठच्या पोडावरचा मुलगा आणि मुंबईच्या चर्चगेटचा मुलगा एकच अभ्यासक्रम शिकू लागले. कल्पना थोरच होती. अडचण एवढीच, की दोघांनीही तो अभ्यासक्रम चर्चगेटहून पाहायचा होता.

अर्थात यात पुस्तकाला सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे होईल. क्षेत्रकार्याच्या घटकात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या: परिसरातील नदी, वन, माळरान, टेकडी अशा एखाद्या नैसर्गिक संपदेची नोंद करावी, आणि एखाद्या प्रदूषित स्थळास भेट द्यावी, मग ते नागरी असो, ग्रामीण असो, औद्योगिक असो वा शेतीशी संबंधित असो. अभ्यासक्रमाने दार उघडे ठेवले होते. त्यातून बाहेर पडलो नाही ते आम्हीच.

त्या काळी नागरी पर्यावरण म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडे जवळजवळ साऱ्या पावसाळ्यात मिळून जेवढा पडतो, तेवढा तिथे एका दिवसात पडला. चौकातील दुकानाच्या दूरचित्रवाणी संचावर आम्ही ते पाहिले: बुडालेल्या बसगाड्या, छातीएवढ्या पाण्यातून चालणारी माणसे. मिठी नदीचे नाव आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. आठवडाभरात तिच्याबद्दल आम्हांला इतके समजले की तिच्या पात्रावर झालेली बांधकामे, नाल्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, यांवर आम्ही झोपेतही निबंध लिहिला असता. पैनगंगेवर मात्र आमच्यापैकी कोणालाही दहा ओळी लिहिता आल्या नसत्या. ती तर आमची रोजची नदी. रोजच्या गोष्टीवर कोणी निबंध लिहीत नाही.

मग प्रकल्प-वहीची वेळ आली. आम्ही सहांनी मिळून आधीच्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याची वही मिळवली आणि रात्रभर बसून उतरवून काढली. विषय होता 'महानगरातील वायुप्रदूषण: कारणे व उपाय'. वर्तमानपत्रांतील चित्रे कापून चिकटवली. एका चित्रात दिल्लीचा धुरकट रस्ता होता, दुसऱ्यात मुखपट्टी लावलेला वाहतूक पोलीस. निष्कर्षात लिहिले की नागरिकांनी सार्वजनिक वाहनांचा वापर करावा. आम्ही स्वतः दिवसातून दोनदा ज्या एस.टी.ने जात असू, ती सोडून आम्हांला दुसरे वाहन माहीत नव्हते, पण हा उपदेश आपल्याला लागू नाही, एवढी अक्कल आम्हांला होती. वह्यांना पांढरी वेष्टणे घातली आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी नेहमीच्या एस.टी.ने निघालो. पोहोचेपर्यंत वेष्टणे करडी झाली होती. परीक्षकांनी पहिली वही हाती घेतली, टेबलाच्या कडेवर झटकली, आणि बोटांना लागलेले काळे रुमालाला पुसत विचारले, "महानगराचं छान लिहिलंय. तुमच्या गावात प्रदूषण आहे का?"

आमच्यातील एकाने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "नाही जी सर. आमचं त खेडं आहे."

उरलेल्या पाचांनी माना डोलावल्या. परीक्षक समाधानाने हसले. "भाग्यवान आहात," ते म्हणाले, आणि आम्हांला भरघोस गुण मिळाले.

आम्ही त्या क्षणी खोटे बोलत नव्हतो, हे सांगितले पाहिजे. ज्याने उत्तर दिले त्याच्याच घरी त्या हंगामात काय चालले होते, ते आम्हांला ठाऊक होते. त्यांचे शेत कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्याला लागून होते. बोंडे फुटली की पांढऱ्या कापसावर काळी पूड बसे. वेचणी करणाऱ्या बायांचे हात संध्याकाळी काळे झालेले असत. "कापूस काळा आहे म्हणते अन् भाव पाडून मागते," असे त्याचे बाबा दर बाजारानंतर म्हणत. प्रतवारी, आर्द्रता, व्यापाऱ्याचे कटाक्ष, हे सारे शब्द त्याला पाठ होते. 'प्रदूषण' हा शब्द मात्र त्याच्या लेखी त्या शेताला लागू होत नव्हता. तो शब्द पुस्तकातला, आणि पुस्तकातल्या शहराला राखीव. शेतावर पडते ती नुसती धूळ. धुळीला कोण विचारतो?

पुढे काही वर्षांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक समूहांची पाहणी करून त्यांना गुण दिले. २००९ सालच्या त्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि मग चंद्रपूर. त्या समूहात घुग्घुसही होते, म्हणजे वर्धा नदी ओलांडली की समोर दिसणारे गाव. ती बातमी वाचली तेव्हा आम्ही सहाही जण सहा ठिकाणी पांगलो होतो. तरीही प्रत्येकाला ती रुमालाची आठवण झाली, असे नंतर बोलण्यातून निघाले. परीक्षकांच्या बोटांना लागले होते ते आमचे क्षेत्रकार्य. वहीच्या आत ते नव्हते, वहीवर होते.

शहराकडे पाहण्याची दुसरीही एक रीत आहे, हे आम्हांला पदवीनंतर पुष्कळ उशिरा कळले. अमेरिकेतील एबल वोलमन या सार्वजनिक आरोग्य अभियंत्याने १९६५ साली शहराच्या चयापचयावर एक लेख लिहिला. दहा लाख वस्तीचे एक काल्पनिक अमेरिकन शहर त्याने घेतले आणि त्याचा रोजचा हिशेब मांडला: आत येते ६,२५,००० टन पाणी, २,००० टन अन्न, ९,५०० टन इंधन, बाहेर जाते ५,००,००० टन सांडपाणी, २,००० टन कचरा, ९५० टन हवेतील प्रदूषके. शहर म्हणजे इमारतींचा समूह नव्हे, तर खाणारा आणि टाकणारा एक देह आहे, हा त्याचा मुद्दा. आम्हांला त्या लेखात एक गोष्ट राहून राहून जाणवली. ९,५०० टन इंधन आत येते, असे वोलमन म्हणतो; ते कुठून तरी निघतही असणार. शहराची हद्द जिथे संपते तिथे त्याचा आहार संपत नाही. मार्की-मांगलीकडचा कोळसा, राजूरच्या भट्ट्यांतील चुना, पैनगंगेच्या खोऱ्यातील चुनखडक ही नावे आमच्या लेखी भूगोलाची होती. ती शहराच्या ताटातील पदार्थांचीही नावे आहेत.

हे समजायला आमच्यापैकी एकाला नागपुरात घर बांधावे लागले. २०२२ साली मुकुटबनला वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. पन्नास किलोच्या पोत्यांत मोजले तर ही क्षमता सात कोटी ऐंशी लाख पोत्यांची होते. आमच्या मित्राच्या प्लॉटवर पोती उतरली तेव्हा त्यांवर 'मुकुटबन' हे नाव छापलेले त्याने पाहिले आणि त्या रात्री आम्हां सर्वांना दूरध्वनी केले. आवाजात अभिमान होता. आपले गाव आपल्या घराच्या भिंतीत येऊन बसले, असे काहीसे तो बोलला. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "बाबाचं वावर होतं ना, त्याच्या आसपासचाच दगड असन का रे हा?" त्या घराची जमीन काही वर्षांपूर्वी विकली गेली होती. विक्रीला कोणाची बळजबरी नव्हती, आणि त्याच पैशांतून हा प्लॉट आला होता. तेव्हा यात कोणाकडे बोट दाखवावे, हे त्यालाही कळेना आणि आम्हांलाही. रसायनशास्त्र एवढेच सांगते की चुनखडक सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि शुद्ध चुनखडकाच्या शंभर किलोंतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाळलेल्या कोळशाचा धूर वेगळा. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के सांगतात. हे आकडे आम्ही पदवीला असतो तर पाठ केले असते. आता ते घराच्या भिंतीला हात लावला की आठवतात, आणि पाठ करण्यापेक्षा हे अधिक त्रासाचे आहे.

दुसरा मित्र पुण्याला गेला. त्याने शहराची दुसरी बाजू पाहिली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या कित्येकदा अडवल्या. २०१७ साली ही गावे महापालिकेत घेतली गेली, पुढे पुन्हा वगळली गेली, आणि २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. मित्र त्या भागात भाड्याने राहत असे. तो सांगे, की वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागत आणि शेजारच्या म्हाताऱ्या आजी विहिरीचे पाणी भांडी घासायलाही घेत नसत. "आपल्याकडून नेतात, यांच्याकडे टाकतात," एवढ्या एका वाक्यात त्याने वोलमनचा सारा लेख सांगून टाकला. त्याने वोलमन वाचलेला नाही.

असो. आता आमच्या गावाकडे वळू.

२०१४ साली राज्य शासनाने तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले. त्या धोरणानुसार झरी जामणीलाही नगरपंचायत मिळाली. राज्यघटनेत अशा ठिकाणासाठी जी व्याख्या आहे तिचा अर्थ असा, की ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे जात असलेले क्षेत्र. ज्या परीक्षेत "आमचं त खेडं आहे" म्हणून गुण मिळवले, तिच्यानंतर दहाएक वर्षांत आम्ही कायद्याने नागरी झालो. आता घटनेच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषय आमच्या नगरपंचायतीच्याही कक्षेत आले. त्यांतील एक विषय आहे 'नागरी वनीकरण'. चहूकडे सागाचे जंगल, त्याच जंगलातून रात्री-बेरात्री वाघ वावरतो म्हणून शेतावर एकटे जाऊ नये असे सांगणारे लोक, आणि मधोमध नागरी वनीकरणाची जबाबदारी असलेले आमचे नगर! यावर आम्ही खूप हसलो.

हसण्यासारखे नव्हते तेही होते. शहर झाल्यावर गावात शहराच्या कोणत्या गोष्टी प्रथम आल्या, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू: वेष्टणे. बसथांब्यापासून पन्नास पावले चाला, खर्ऱ्याच्या पन्न्या मोजता येणार नाहीत. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी झाली; पन्न्यांना ती बहुधा कळली नसावी. पूर्वी घरातला केर उकिरड्यावर जाई आणि उकिरड्याचे खत होऊन शेतात परत येई. आता केरात निम्मे असे काही असते जे परत येत नाही. नाली सिमेंटची झाली, पण ती जिथे संपते तिथपर्यंत कोणी चालत जात नाही. महानगराचे आजार आले. महानगराचा वैद्य यायचा आहे. शेजारचे पोड मात्र पूर्वी होते तसेच रकान्याबाहेर राहिले.

आमच्यातील एक जण आता प्राध्यापक आहे आणि तोच विषय शिकवतो. २०२३ साली अनुदान आयोगाने पदवीच्या पर्यावरण शिक्षणाची नवी चौकट दिली. विषयाला किमान चार श्रेयांक मिळाले, क्षेत्रकार्यावर पुन्हा भर आला. पहिल्या वर्षी त्याच्यासमोर वह्यांचा गठ्ठा आला तेव्हा त्यातही महानगरातील वायुप्रदूषण होते. चित्रे आता मोबाइलवरून छापून घेतलेली होती, एवढाच फरक. तो रागावला नाही. रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे तो आम्हांला म्हणाला. दुसऱ्या वर्षी त्याने विषय द्यायचे बंद केले. प्रत्येकाला कोऱ्या वहीत दुकानदाराच्या खतावणीसारखे दोन रकाने आखायला सांगितले, 'आले' आणि 'गेले'. आपल्या गावात, पोडात वा नगरात आठवडाभरात काय आले आणि ते कुठून आले. काय गेले आणि ते कुठे गेले. पुस्तकातले एकही वाक्य वापरायचे नाही.

त्या वह्या त्याने आम्हांला दाखवल्या. पुष्कळशा अर्धवट होत्या, काही सरळ सरळ एकमेकांवरून उतरवलेल्या होत्या. ही परंपरा एका वर्षात मोडणारी नव्हे. पण काही पानांपाशी आम्ही थांबलो. एकाने 'गेले' या रकान्यात लिहिले होते: कोळसा, कापूस, दगड, आणि माझा मोठा भाऊ (पुणे). एका कोलाम मुलीने 'आले' या रकान्यात पाण्याच्या टँकरपासून पन्नीपर्यंत सारे लिहून शेवटी लिहिले होते: वीज, परंतु नेहमी नाही. आणि एकीने सिमेंटची नाली जिथे संपते तिथपर्यंत चालत जाऊन पाहिले होते. नाली नाल्याला मिळते, नाला पुढे पैनगंगेच्या वाटेला लागतो. पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला जाते. हे सारे तिने नकाशावर बोट ठेवून शोधले होते आणि खाली प्रश्न लिहिला होता: आपले सांडपाणी ज्यांच्या गावाला जाते, त्यांच्या वहीत 'आले' या रकान्यात आपल्याबद्दल काय लिहिलेले असेल?

हा प्रश्न आम्हांला वीस वर्षांत सुचला नाही. आपल्यावर शहराचा अन्याय होतो, एवढा बोध आम्ही कष्टाने मिळवला होता आणि त्यावर काहीसे खूशही होतो. पण पैनगंगेच्या खालच्या अंगाला असलेल्या कोणासाठी आम्हीच शहर आहोत, ही गोष्ट आम्ही पाहिली नव्हती. नागरी पर्यावरणाचा अभ्यास शहरातच करता येतो, असे मानणे ही आमची पहिली चूक. तो आपण फक्त भोगणाऱ्याच्या जागेवरून करायचा, असे मानणे ही दुसरी. चूक सुधारायला लावली ती एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने, तीही पंचवीस गुणांच्या वहीत.

आमच्या पदवीच्या कागदावर संत गाडगे बाबांचे नाव आहे, कारण विद्यापीठच त्यांच्या नावाचे. हा पुरुष गावात शिरला की आधी खराटा हाती घेई, कीर्तन रात्री. गाव मोठे की लहान, नगर की खेडे, ही चौकशी करून मग झाडायला लागल्याचे आम्ही कुठे ऐकले नाही. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलो, त्यांचे क्षेत्रकार्य आम्ही वही उतरवून चुकवले. त्या तोंडी परीक्षेचे परीक्षक आज कुठे असतील ठाऊक नाही. भेटले तर एक उत्तर दुरुस्त करून घ्यायचे आहे. आहे जी सर, प्रदूषण आहे. आमच्याकडे येतेही, आणि आमच्याकडून जातेही. गुण तेव्हाचेच राहू द्यावेत, नाहीतर कमी करावेत. आमची तक्रार नाही.